बाजाराची काकडआरती

सांगोल्याचे तात्या मुंबईला लेकीकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी पिशवी भरायला लागले. गेटवे झालं, राणीच्या बागेतले पेंग्विन झाले, हँगिंग गार्डन झालं, चौपाटीवर भेळ खाऊन झाली. नातीने ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर दाखवला, तात्यांनी मान वर करून तो पाहिला आणि मान खाली घातली.

"गाव दांडगं हाय," ते लेकीला म्हणाले, "पर हितं बगायचं काय? सगळी आपापल्या धंद्याला पळत्यात. धंद्याचं गाव धंदा करणाऱ्यालाच गोड. पाव्हण्याला नुसता कंटाळा."

"खरंय, मामा," जावई म्हणाले. "मुंबई कमवायला बरी. बघायचं तर कोल्हापूरला जावं." सासऱ्या-जावयाचं क्वचितच असं एकमत होई.

हा निकाल एकट्या तात्यांचा नाही. व्यापारावर वाढलेल्या प्रत्येक मोठ्या शहराबद्दल पाहुणे असंच बोलतात. त्याला कारणही आहे. मुंबई बेटं इंग्रजांच्या राजाने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली, म्हणजे या शहराचा धनी पहिल्यापासून व्यापारी. व्यापारी गोद्या बांधतो, वखारी बांधतो, पेढ्या काढतो. राजवाड्यासारखं त्यातलं काहीच तिकीट काढून दाखवायला मांडलेलं नसतं. म्हणून ते नाहीच असं समजणं मात्र मला मान्य नाही, आणि ही गोष्ट सांगायची ती त्यासाठीच.

परतीची गाडी रात्रीची होती. तात्यांना सवयीने पहाटे चारला जाग आली. जन्मभर जनावरांची दलाली केलेला माणूस, रविवारच्या बाजाराला उजाडायच्या आत हजर राहणारा. घरात सगळे झोपलेले. तात्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि गिरगावातून भुलेश्वरच्या अंगाने चालत सुटले. फिरत फिरत झवेरी बाजारात पोचले तेव्हा दुकानांची शटरं बंद होती आणि एक म्हातारा गल्ली झाडत होता.

झाडणं मात्र वेगळं होतं. माणूस उकिडवा बसून हातभर जागा धरायचा. पायरीचा कोपरा, फरशीची फट, गटाराच्या झाकणाची कड असं एकेक ठिकाण बारक्या ब्रशने खरवडायचा. आणि निघालेला कचरा टाकायचा नाही, सुपलीत घेऊन पोत्यात भरायचा. तात्या थोडा वेळ बघत उभे राहिले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "दादा, कचरा घरी नेताय व्हय?"

"कचरा कशाचा? यात सोनं आहे," म्हातारा म्हणाला. "आम्ही झारेकरी."

वरच्या मजल्यांवर कारागिरांच्या खोल्या आहेत, त्याने मान न उचलता सांगितलं. बंगालची पोरं रात्री उशिरापर्यंत कानस मारतात. कानशीचा कीस कपड्यांत अडकतो, केसांत बसतो, तळव्यांना चिकटतो. जिना उतरताना तो रस्त्यावर येतो. दुकानदार आपली खोली झाडून कीस परत घेतो, पण रस्त्यावर पडलेला कुणाचाच नसतो.

तात्या तिथेच पायरीवर टेकले. म्हाताऱ्याने पोतं गल्लीच्या टोकाला नळापाशी नेलं, धूळ चाळली, घमेल्यात घेतली आणि पाणी घालून घमेलं गोल हलवायला लागला. मनगटं हलत होती, खांदे स्थिर. दर फेऱ्याला थोडं गढूळ पाणी कडेवरून जाई. केस, कागद, माती, सगळं हलकं ते निघून गेलं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते तळ सोडत नाही. शेवटी घमेल्यात चमचाभर काळा गाळ उरला. तात्या वाकून वाकून बघत होते, पण त्यांना काही पिवळं दिसेना.

"आता नाही दिसायचं," म्हातारा म्हणाला. "घरी पारा घालायचा. पारा कण धरतो. मग पारा तापवून उडवला की राहतं ते सोनं. किती, ते गल्ली सांगते. लग्नसराईत बरं निघतं."

तात्या तासभर हलले नाहीत. आणि तिथे बसल्या बसल्या त्यांना जावयाची सांगोल्याची पहिली फेरी आठवली. लग्नाच्या वर्षी मोठ्या हौसेने त्यांनी जावयाला जनावरांच्या बाजारात नेलं होतं. त्या दिवशी खिलार बैलांच्या एका जोडीचा सौदा तात्यांच्या हातून चालला होता. दोघांच्या हातांवर रुमाल, रुमालाखाली बोटांनी बोटं दाबून किंमत सांगायची, भोवतीच्या पन्नास माणसांना पत्ता नाही. कुठल्या बोटाला माणूस श्वास रोखतो, कुठे हात ढिला सोडतो, ते कळायला तात्यांची उमर गेलेली. जावई धुळीला आणि वासाला कंटाळून तासाभरात पंढरपूरला निघून गेले. "बाजारात काय बघायचं?" असं म्हणून गेले. तात्यांना ते वर्षभर सलत होतं.

ते घरी आले ते पिशवी रिकामी करायलाच. लेक म्हणाली, "आबा, गाडी?"

"जाऊ दे गाडी," तात्या म्हणाले, आणि नातीला हाक मारली. "पोरी, त्यो टॉवर दावलास न्हवं? त्याला पैसा कुनी दिला?"

नात कॉमर्सची. तिला सगळं ठाऊक होतं, पण आजोबांना फोटोपुरता टॉवर पुरे असं तिला वाटलं होतं. आता ती त्यांना हॉर्निमन सर्कलला घेऊन गेली. आज जिथे गोल बाग आहे तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाचा बाजार भरायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद या दलालाने त्या दिवसांत विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि टॉवरला आईचं, राजाबाईचं, नाव दिलं. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, स्वतः प्रेमचंदही बुडाले. टॉवर मात्र १८७८ साली पुरा झाला.

"आनि दलाल बसायचे कुठं?"

"टाउन हॉलसमोर वडाच्या झाडांखाली. पुढे १८७५ साली त्यांनी आपली संघटना काढली. तोच आजचा शेअर बाजार."

"झाडाखाली!" तात्या मोठ्यांदा हसले. सांगोल्याला ते स्वतः लिंबाखाली बसत. "मंजी आमचीच जात की ही!" त्यांनी पुन्हा एकदा टॉवरकडे जायचा हट्ट धरला आणि या वेळी तो खालपासून वरपर्यंत न्याहाळला. बुडालेल्या दलालाच्या आईचं नाव तेवढं उंच उभं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

त्यानंतर तात्यांनी नातीला झोपू दिलं नाही. पंढरपूरला काकडआरतीला माणसं पहाटे उठून रांगेत उभी राहतात, आणि देऊळ बंद असताना गेलेला माणूस पंढरीत काही नाही असं म्हणत नाही, असं त्यांचं म्हणणं. धंद्याचीही वेळ असते, ती गाठायची. कोणाचा माल, कुठून येतो, कधी उतरतो, भाव कोण ठरवतो, एवढं विचारलं की पळणारा माणूसही दोन मिनिटं थांबतो, हेही त्यांना कळून चुकलं होतं. आपल्या कामाबद्दल कुणी आस्थेने विचारलेलं कुणाला नको असतं?

असेच एका पहाटे ते दोघं कुलाब्याला ससून डॉकवर गेले. ही गोदीही १८७५ची, मूळ कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली. आता तिथे मासळीचा लिलाव चालतो. बोटींतून टोपल्या वर फेकल्या जात होत्या, बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता, पापलेट-सुरमईचे ढीग लागत होते आणि प्रत्येक ढिगाभोवती बोलणाऱ्यांचं कोंडाळं.

"घेनार काय, बाबा?" एका कोळणीने हटकलं.

"न्हाई बाई, बगाया आलोय."

"मग बाजूला व्हा. पाटी अंगावर येल."

तात्या बाजूला झाले, पण नजर हलवली नाही. सुरमईच्या एका ढिगावर बोली चढत होती. तात्यांनी नातीच्या कानात सांगितलं, "हा ढीग ती निळ्या लुगड्यातली बाई नेनार." ती बाई तोवर एकदाही बोलली नव्हती. बोली चढली, अडली, दोघे मागे सरले, आणि निळ्या लुगड्यातल्या बाईने शेवटचा आकडा टाकून ढीग उचलला.

"आबा, कसं ओळखलंत?"

"सगळी मासळीकडं बगत हुती," तात्या पुढच्या ढिगाकडे सरकत म्हणाले, "ती एकटी दुसऱ्यांच्या तोंडाकडं बगत हुती. चल, तिकडं कोळंबी उतरली."