दुसऱ्याच्या कानानें ऐकणें

समजा कीं नांदगांव खंडेश्वराजवळच्या एका गांवांतील चार तरुणांनीं एक गीत रचिलें. पेटी उसनी, ढोलकी घरची, गाणारे दिवसभर कपाशींत राबणारे. त्यांनीं तें मोबाईलवर उतरवून घेतलें व तुम्हांस ऐकवून विचारलें, "काकाजी, कसं जमलं?" शब्द तर ढोलकीखालीं बुडाले आहेत, आणि अंतऱ्यांत आवाज चिरकतो. आतां खरें बोलावें कीं गोड बोलावें?

पुष्कळ जण म्हणतील, "बिचारे हौसेनें गातात, त्यांचें मन कां मोडावें?" हें बोलणें दयेचें दिसतें, परंतु त्यांत आळस लपलेला असतो. "छान" म्हणावयास पुन्हां ऐकावें लागत नाहीं. शिवाय, ह्यांच्या हातून ह्याहून चांगलें होणार नाहीं, असें आपण मनांत ठरवून टाकलेलें असतें. ही दया नव्हे.

आपला आवाज आपणांस हवेंतून तसाच डोक्याच्या हाडांतूनहि ऐकूं येतो. म्हणून तो आपल्याला अधिक भरदार वाटतो. एडिसननें 1877 सालीं ध्वनिलेखनाचें यंत्र केलें. त्यापूर्वीं आपला आवाज इतरांप्रमाणें ऐकावयास मनुष्याजवळ प्रतिध्वनीवांचून साधन नव्हतें. आज तें साधन खिशांत आहे. तरी यंत्र आवाज परत देतें, दोष सांगत नाहीं. तें काम शेजाऱ्याचें आहे.

मात्र सांगण्याची रीत आहे. गीत दोनदां ऐकावें. चांगलें असेल तें नेमकें सांगावें. मग जो दोष सुधारेल तोच काढावा: मोबाईल ढोलकीपासून दूर व गाणाराजवळ ठेवा; पट्टी थोडी खालीं घ्या. "तुझा गळाच वाईट," असें म्हटल्यानें कोणाचें भलें होणार? आणि हें चारचौघांत नव्हे, एकांतीं सांगावें.

विचारणारानेंहि आपलें मन तपासावें. मत मागावयाचें आणि स्तुतीची वाट पाहावयाची, ही आपलीच फसवणूक होय. ह्याच जिल्ह्यांतील तुकडोजी महाराज (1909–1968) खंजिरीवर भजनें गात. साधन साधें, बळ होतें तें लोकांस कळणाऱ्या शब्दांत. मग शब्द ऐकूं येत नाहींत, असें सांगणारा शत्रू कसा?

म्हणून त्या तरुणांस म्हणा, "बाबांनो, चाल गोड आहे, पण शब्द ऐकूं येत नाहींत. उद्यां पुन्हां घ्या. मी येऊन बसतों." ज्यास येऊन बसण्याची सवड नाहीं, त्यानें दोष काढण्याची घाई करूं नये. सत्याला सोबतीची जोड असली म्हणजे मन मोडत नाहीं.