पाठ कुणाची, नाव कुणाचं?

सिग्नलवरचा कॅमेरा माणूस ओळखत नाही. तो नंबरप्लेट वाचतो. नंबरवरून मालक सापडतो आणि मालकाच्या मोबाइलवर ई-चलन येऊन पडतं. गाडी कुणी चालवली, हा प्रश्न यंत्राला पडत नाही. तो मालकाला पडतो, आणि तो दिसतो त्याहून अवघड आहे.

माझ्या नावावर सिग्नल तोडल्याचं चलन आलं, तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. हजेरीच्या मशीनमध्ये तशी नोंदही होती. स्कूटर माझ्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीने नेली होती. चलनासोबतच्या फोटोत नंबर स्पष्ट दिसत होता आणि चालवणारीची पाठ. डोक्याभोवती स्कार्फ गुंडाळलेला. पुण्यातल्या कुठल्याही मुलीची पाठ असू शकेल अशी. मैत्रीण सहज म्हणाली, “भरून टाक ना, मी लगेच जीपे करते.”

हिशेबाने पाहिलं तर तिचं बरोबर होतं. पैसे तिचेच जाणार होते. मग अडलं कुठे?

अडलं ते इथे, की चलनात दोन गोष्टी असतात: रक्कम आणि आरोप. रक्कम एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाते. आरोप तसा जात नाही. मी गुपचूप पैसे भरले असते, तर ‘सिग्नल मी तोडला’ हे वाक्य माझ्या नावावर कायम राहिलं असतं. ते खोटं आहे. आणि खोटं फक्त माझ्याबद्दलचं नाही, तिच्याबद्दलचंही. कारण मग तिने काहीच केलेलं नाही, असं होतं.

बरं, ‘मी नव्हते’ एवढं म्हणून सुटकाही होत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 133 सांगतं, की पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती मालकाने द्यायची. म्हणजे स्वतःचा निर्दोषपणा सांगायचा, तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं. आपल्या मनात मात्र नाव सांगणं म्हणजे चुगली. शाळेपासून आपण हेच शिकलो: वर्गाने शिक्षा सोसायची, पण मित्राचं नाव सांगायचं नाही.

मला यावर वाल्या कोळ्याची गोष्ट आठवते. नारदाच्या सांगण्यावरून तो घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? बायकोमुलं म्हणतात, नाही. आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तुझ्यापाशी. लहानपणी मला ती माणसं कृतघ्न वाटायची. आता वाटतं, त्यांनी प्रेमापोटी ‘हो’ म्हटलं असतं, तर वाल्या पुन्हा रानात गेला असता. त्या कोरड्या उत्तरामुळेच तो थांबला.

‘हो’ म्हटल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. 2003 साली ख्रिस ह्यून या राजकारण्याची गाडी कॅमेऱ्याने वेगमर्यादा ओलांडताना टिपली. लायसन्सवरचे दंडाचे पॉइंट पत्नी विकी प्राइस यांनी स्वतःच्या नावावर घेतले. पुढे ह्यून मंत्री झाले, लग्न मोडलं, प्रकरण बाहेर आलं, मंत्रिपद गेलं आणि मार्च 2013 मध्ये दोघांनाही प्रत्येकी 8 महिन्यांची कैद झाली. मूळ गुन्हा होता वेगाने गाडी चालवल्याचा.

हे दूरचं वाटत असेल, तर मे 2024 मधला पुण्याच्या कल्याणीनगरचा पोर्शे अपघात आठवा. दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा मुलगा अल्पवयीन. गाडी आपण चालवत होतो असं सांगावं, म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण चुकून झालेल्या अन्यायाबद्दल वापरतो. पण कधी कधी संन्याशाला शोधून, समजावून आणलं जातं.

सिग्नलच्या चलनाची या मृत्यूंशी बरोबरी नाही, हे मला कळतं. पण ‘दुसऱ्याने केलेलं मी केलं म्हणते’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच आहे. फरक इतकाच, की मी ते मैत्रीखातर म्हणणार होते आणि त्या माणसाने ते दबावाखाली म्हणावं, अशी अपेक्षा होती.

मी मैत्रिणीला विचारलं, तक्रारीत तुझं नाव आणि लायसन्स नंबर देऊ का? ती दोन दिवस नीट बोलली नाही. मग तिनेच लायसन्सचा फोटो पाठवला, सोबत एकही शब्द नाही. दंडाचे अर्धे पैसे मी देऊ केले. तिने नाकारले. आम्ही आजही एका ताटात जेवतो, पण तिने स्कूटर पुन्हा मागितलेली नाही. या खरेपणाला किंमत पडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी मला वाटतं, मैत्रीत पैसे द्यावेत, वेळ द्यावा, गाडीही द्यावी. तिच्या कृतीचं ओझं मात्र तिच्याकडून काढून घेऊ नये. लाल दिव्यासमोर रस्ता ओलांडणाऱ्या कुणालातरी त्या क्षणी दचकून मागे व्हावं लागलं असेल. त्या माणसाला उत्तर द्यायचं असेल, तर ते तिनेच द्यायला हवं. माझ्या उत्तराचा त्याला काय उपयोग?

हल्ली कुणालाही किल्ली देताना मी आधीच सांगते: चलन आलं तर पैशांचं बघू, नाव मात्र तुझंच जाईल. काही जण हसतात. एकाने किल्ली परत ठेवली.