जास्वंदीचे फूल कोणाचे?

सुरतेत जिला जासूद म्हणतात, तीच आपली जास्वंद. गणेशपूजेसाठी पहाटे परक्या कुंपणावरून ती खुडणारे भाविक म्हणतात, 'फूल सायंकाळी मिटणारच. देवाला वाहिले तर दोष कसला?' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. फूल एका दिवसाचे असले, तरी कळी नव्या फांदीवर धरते. त्यासाठी कोणीतरी छाटणी केलेली असते, तापीकाठच्या उन्हाळ्यात पाणी घातलेले असते, पावसाळ्यात मुळांशी साचलेले पाणी वाट करून दिलेले असते. त्या श्रमांचे फळ न विचारता घेणे हा अस्तेयव्रताचा भंगच होय. त्यापेक्षा शेजाऱ्याकडून एक फांदी मागून आणावी. जास्वंद फांदीपासून सहज रुजते. पहिले फूल येईपर्यंत फुलाऐवजी अक्षता वाहाव्यात. शास्त्राची त्याला संमती आहे. रोपाला रोज घातलेले पाणी हीही पूजाच.