ओढ आणि ओरड

मोटारीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, एक लांबट डबा टांगलेला असतो. आपण त्याला सायलेन्सर म्हणतो. अमेरिकेत त्याला मफलर म्हणतात. आणि मार्गशीर्षातल्या पहाटे दूध आणायला निघताना आपण गळ्याभोवती गुंडाळतो तोही मफलरच! दोघांचे काम तसे एकच. काहीतरी गुंडाळून धरायचे, बाहेर फुटू द्यायचे नाही.

या डब्याच्या घराण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. हिराम मॅक्सिम या गृहस्थाने 1884 च्या सुमारास मशिनगन शोधून काढली. तोफाबंदुकांच्या त्या धडाडीने त्याचे कान उतारवयात निकामी झाले. त्याचाच मुलगा हिराम पर्सी मॅक्सिम. त्याने 1909 साली बंदुकीचा आवाज गिळणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि पुढे तेच तत्त्व इंजिनाच्या धुराड्याकडे वळवले. बापाने जगाचे कान फोडायचे आणि मुलाने फुंकर घालायची! मी कादंबरीत असे लिहिले असते, तर ‘फार जुळवून आणले आहे’ असा शेरा मारून संपादकांनी हस्तलिखित परत पाठवले असते.

इंजिनात स्फोट होतात हे आपण विसरतो. चार सिलिंडरची गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी चालत असली, तर सेकंदाला शंभर स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडते आणि दाबलेला तप्त वायू नळीत मुसंडी मारतो. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात, कधी काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते. या भुलभुलैयात लाटेवर लाट आपटून आवाज थकतो आणि शेपटीतून निमूटपणे बाहेर पडतो. त्याच्या अलीकडे नव्या गाड्यांना आणखी एक मधाच्या पोळ्यासारखा चिनी मातीचा ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर असतो आणि विषारी वायू त्यावरून जाताना पुष्कळसे निरुपद्रवी होतात. आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो 1995 च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला.

आता गंमत पाहा. ब्रेक माझ्यासाठी, दिवे माझ्यासाठी, मऊ आसन माझ्यासाठी. गाडीत बसणाऱ्याला सायलेन्सरचाही थोडा फायदा होतो, नाही असे नाही. पण त्याचा खरा धनी मागे राहिलेला माणूस आहे. रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई, खिडकीशी अभ्यास करणारे पोर, दुपारचा डोळा लागलेला म्हातारा. संपूर्ण गाडीत मी पैसे मोजून दुसऱ्यासाठी विकत घेतलेला असा जवळजवळ हा एकच भाग. आणि हौसेने काढून टाकायचा म्हटले की सर्वांत आधी तोच निघतो!

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. शाळेत त्याला संधी आणि समास कधी सुटले नाहीत. पण इंजिन उघडून बसला की त्याच्या बोटांना व्याकरण सुचते. एका संध्याकाळी मी तेथे चहाला थांबलो होतो. एका तरुणाची गाडी वर चढवलेली होती. कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला जाड तोंडाचा, चकचकीत, बाहेरचा बसवायचे काम चालले होते.

ते काम दिसते तितके सोपे नाही. पाऊस, चिखल आणि उष्णता यांनी सांध्याचे नटबोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. तेल सोडायचे, वाट पाहायची, पुन्हा पाना लावायचा. जोर केला तर बोल्टाचे डोके तुटून हातात येते. पोरगा मात्र घाई करीत नव्हता. मग ज्या रबरी कड्यांवर डबा लोंबकळत असतो त्या त्याने एकेक करून सोडवल्या आणि तो गंजका, धुळीने माखलेला डबा अल्लाद खाली उतरवून भिंतीशी ठेवला. नव्या नळीला नवे पॅकिंग घातले, सांधा आवळला, हात फिरवून कुठे वायू फुटतो का ते पाहिले. कारागिराचे हात पाहण्यात जे सुख असते ते मला मिळाले, हे मी नाकारणार नाही.

गाडी सुरू झाली तसा पत्र्याच्या छपरावरचा कावळा उडाला. मालकाचा चेहरा फुलून आला. “जुना घरी जपून ठेव. गाडी कुठे तपासायला न्यायची झाली तर परत बसवून न्यावा लागेल,” असे विद्यार्थ्याने त्याला सांगितले. सरकारसाठी एक घसा आणि रस्त्यासाठी दुसरा!

मी त्या मालकाला सहज विचारले, “कशासाठी रे बाबा हे?”

“काका, गाडी माझी आहे. हप्ते मी भरतो,” तो म्हणाला.

उत्तर उद्धटपणाचे नव्हते. त्याला ते खरेच पुरेसे वाटत होते, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जाईना. कायद्याने त्याला उत्तर दिलेलेच आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातले बावन्नावे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत तेच पुन्हा बजावले. पण कायद्याचे उत्तर म्हणजे नैतिक उत्तर नव्हे. मालकी कोठे संपते, हा प्रश्न त्याहून जुना आहे. आपल्या वाड्यांमधली अर्धी भांडणे पागोळ्यांवरून झालेली असतात. छप्पर माझे, कौले माझी, पाऊसही माझ्याच कौलांवर पडलेला. पण पागोळी शेजाऱ्याच्या अंगणात गळू लागली की ‘छप्पर माझे’ एवढे म्हणून भागत नाही. आवाज ही तर अशी पागोळी आहे की तिला कुंपण नाही, आणि कानांना पापण्या नाहीत.

इतके झाल्यावर त्या तरुणाला मूर्ख ठरवून मोकळे होता आले असते. पण माझे वडील आड आले.

वडील एस. टी.त ड्रायव्हर होते. त्यांची सारी नोकरी कानांवर झाली. गिअर केव्हा बदलायचा, चढावर गाडी कण्हू लागली का, कोणत्या झडपेत खोट आहे, हे ते आवाजावरून सांगत. घरासमोरून बस गेली की जेवताना घास थांबवून ‘हिचा पंप बघायला पाहिजे’ असे म्हणत. अखेरच्या आजारात ते रस्त्याकडच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास अशीच एक घसा मोकळा केलेली गाडी रोज जायची. वडील दचकून जागे होत आणि पुढचे दोन तास त्यांना झोप लागत नसे. मी संतापून खिडकी लावायला उठलो की ते हाताने ‘थांब’ अशी खूण करीत. गाडी वळणापर्यंत जाऊन तिचा आवाज विरेस्तोवर ऐकत राहत. एकदा म्हणाले, “ओढ नाही रे तिला. नुसती ओरड आहे.”

यंत्रशास्त्राचे मत याहून फारसे वेगळे नाही. शर्यतीच्या गाडीत मोकळ्या नळीने शक्ती वाढते. पण घरगुती लहान इंजिनात नुसता मागचा डबा बदलून जी भर पडते ती नगण्य, आणि कधीकधी सावकाश चालताना जोर उलट कमीच होतो. कानाला मात्र गाडी दुप्पट बलवान वाटते. ध्वनीचे मोजमापही चमत्कारिक आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पटच भासतो. आपण किती ओतले याचा अंदाज ओतणाऱ्याला येतच नाही.

पण वडिलांच्या त्या ऐकण्यात राग नव्हता, हे माझ्या लक्षात राहिले आहे. यंत्राचा आवाज हा ज्यांच्या आयुष्याचा भाग आहे त्यांना निःशब्द यंत्र मेल्यासारखे वाटते. शिवाय शांतता हा काही सर्वगुणसंपन्न देव नव्हे. विजेवरच्या मोटारी इतक्या गुपचूप आल्या की अंध पादचाऱ्यांना त्या कळेनात; म्हणून युरोपात 2019 च्या जुलैपासून नव्या नमुन्यांच्या आणि 2021 पासून सर्वच नव्या विजेच्या गाड्यांना हळू चालताना मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसवणे भाग पडले. म्हणजे आवाज कमी की जास्त, हा प्रश्नच नव्हे. तो आवाज ऐकणाऱ्याच्या कामाचा आहे की करणाऱ्याच्या, एवढेच पाहायचे.

आणि करणाऱ्याला तो का हवा असतो? माझ्या वर्गातली पोरे रस्त्यावरून अशी गाडी गेली की माना वळवतात. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर 2000 सालच्या नियमांनी शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. फलकावर तसे लिहिलेलेही आहे. पण पोरांच्या डोळ्यांत मी जे पाहतो ते कौतुक असते. ज्याला घरी कोणी विचारत नाही, नोकरीत कोणी ओळखत नाही, त्याला एका मिनिटासाठी अख्खी गल्ली वळून पाहते. ही भूक खोटी नाही. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे छापून येतात. ती पाहून मला समाधान होत नाही. नळ्या चपट्या होतात. भूक तशीच राहते.

शिवाय रोलर फिरवणाऱ्यांत आपण कोण? हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बाहेर सुतळी बाँब फुटत असतील. चार मीटरवर 125 डेसिबलपर्यंतचा फटाका कायद्याला चालतो. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या आवाजाला आपण आनंद म्हणतो आणि दुसऱ्याच्या आवाजाला उपद्रव. त्या तरुणाचेही नेमके हेच म्हणणे असेल, फक्त त्याला ते मांडता आले नाही.

त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर विद्यार्थ्याने हात पुसत मला विचारले, “सर, मी हे काम करू नये का? मी नाही केले तर पलीकडचा करणारच.”

हा युक्तिवाद आजवर कोणी खोडून काढलेला मी पाहिला नाही. पलीकडचा खरोखरच करतो. मी म्हणालो, “मग तो करो. तुझ्या हातून झाले की नाही, एवढाच तुझा हिशेब.”

“सर, गॅरेजचे भाडे त्या हिशेबात धरायचे का?”

मी गप्प बसलो. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या मास्तराने यावर लगेच काही बोलू नये.

त्यानंतर त्याने स्वतःच एक रेघ ओढली. सडलेला सायलेन्सर काढून त्याच मापाचा, तितक्याच आवाजाचा, बाजारातला स्वस्त डबा तो आजही बसवतो. सगळ्यांना कंपनीचा परवडत नाही, आणि त्यात कोणाचे बिघडतही नाही. मोकळी नळी मात्र तो आता घालत नाही. तशी गिऱ्हाइके पलीकडच्याकडे गेली. सणाच्या तोंडावर अशी कामे जास्त येतात, असे तो म्हणाला. यंदा दिवाळीला पोराला सायकल घ्यायची होती, ती त्याने शिमग्यावर ढकलली आहे.