डावीकडची बाजू

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या इमारतीत पहिला आवाज येतो तो दुधाच्या पिशव्यांचा. गेल्या दोन आठवड्यांपासून दुसरा आवाज येतो व्हायोलिनचा. वरच्या मजल्यावरची दहा वर्षांची मुलगी शिकू लागली आहे. अजून राग नाही, गाणं नाही. नुसता सा. लांब ओढलेला, थरथरता, मधेच करकरणारा. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी रिक्षाही नसते. म्हणून तो सा खाली आमच्या चहापर्यंत येऊन पोचतो.

ही मुलगी डावखुरी आहे. भाड्याचं व्हायोलिन घरी आलं त्या संध्याकाळी ती ते दाखवायला खाली आली होती. पेटी उघडली, व्हायोलिन उचललं, उजव्या खांद्याला लावलं आणि गज डाव्या हातात घेतला. कुणी काही सांगितलं नव्हतं. पाणी उताराकडे जावं, तसं झालं. मागून आलेली तिची आजी म्हणाली, "अगं, उलटं धरलंस." मुलीने हातांकडे पाहिलं, मग आजीकडे. त्यात काय उलटं आहे, ते तिला दिसेना.

मला मात्र तो शब्द ओळखीचा होता. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने पहिलं अक्षर काढलं, तेव्हा मीही तो ऐकला होता. शाळेत गुरुजी म्हणायचे, डावा हात मांडीखाली ठेव. मी ठेवायचो. तासभर बसलं की हाताला मुंग्या यायच्या. दोन वर्षांत मी उजव्या हाताने लिहू लागलो. आज अक्षर बरं आहे, तक्रार नाही. पण सुईत दोरा ओवायचा असला, वीज गेल्यावर फडताळातली मेणबत्ती शोधायची असली, की डावाच हात पुढे होतो. लिहायचं काम एकाकडे गेलं. चाचपायचं काम दुसऱ्याकडे राहिलं.

हे आठवलं आणि मी व्हायोलिनकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

सतारीला पडदे असतात. बोट कुठे टेकवायचं, हे पडदा सांगतो. व्हायोलिनला पडदे नाहीत. काळी, गुळगुळीत पट्टी आणि चार तारा, एवढंच. सूर नेमका कुठे आहे, याची खूण कुठेही केलेली नाही. केसभर अलीकडे बोट पडलं तरी सूर उतरतो, केसभर पलीकडे पडलं तर चढतो. अंधारात मेणबत्ती शोधावी, तसा बोटाने सूर शोधायचा असतो. मींड घेताना तर बोट एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे घसरत जातं. वाटेत थांबायला कुठे पायरी नसते. आणि हे सगळं काम सर्वसाधारण वादकाचा डावा हात करतो. उजव्या हाताने जेवणाऱ्या, लिहिणाऱ्या, उजव्याच हाताने तीर्थ घेणाऱ्या माणसाने सूर शोधायचं नाजूक काम मात्र डाव्या हाताकडे सोपवलं आहे.

मग उजवा काय करतो? तो गज ओढतो. वरवर पाहिलं तर सोपं वाटतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पण सुराचा श्वास गजात असतो. किती जोर द्यायचा, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, ते उजवा हात ठरवतो. पुण्याच्या प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हे सांगायला नको. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा सुधीर फडक्यांच्या साथीला जोगांचं व्हायोलिन होतं. पुढे त्यांनी भावगीतं नुसत्या व्हायोलिनवर वाजवली. ऐकताना शब्द कानात उमटत. अक्षराला अक्षर असा गज फिरे. शब्द जिथे तुटतो तिथे तो थांबे, जिथे लांबतो तिथे लांबे. 2021 साली जोग गेले. ती वादनं अजून ऐकली जातात, आणि ऐकताना ओठ आपोआप हलतात.

तेव्हा एक हात सूर शोधतो आणि दुसरा तो बोलतो. यात मुख्य कोण, हे मला ठरवता येत नाही. डावखुऱ्या वादकांनाही ते एकमताने ठरवता आलेलं नाही. काहींना नेहमीची पद्धतच सोयीची वाटते, कारण बोटांचं बारीक काम त्यांच्या तयार हाताकडे येतं. काहींना वाटतं, गज हाच आवाज; तो परक्या हातात गेला की आपलं बोलणं अडखळतं. मला दोन्ही खरं वाटतं. एखादा माणूस मुळात शोधणारा असतो, एखादा मुळात सांगणारा.

व्हायोलिन नुसतं उलटं धरून भागत नाही. ताराही उलट्या क्रमाने लावाव्या लागतात, आणि तेवढ्यानेही पुरत नाही. वरून दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं हे वाद्य आतून सारखं नसतं. खर्जाच्या तारेखाली, आतल्या बाजूने एक लांब पट्टी चिकटवलेली असते. दुसऱ्या अंगाला, तारा पेलणाऱ्या घोडीच्या पायाजवळ, एक बारीक लाकडी दांडी उभी असते. ती चिकटवलेलीही नसते. वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसती दाबून बसवलेली असते. तारांचा कंप ती एका फळीकडून दुसरीकडे नेते. ती पडली तर व्हायोलिन मुकं होत नाही, पण त्याच्या आवाजातला जीव जातो. इटालियन आणि फ्रेंच भाषांत या दांडीला आत्मा म्हणतात. डावखुऱ्यासाठी व्हायोलिन करायचं, तर तिची जागा बदलावी लागते. चार्ली चॅप्लिन डावखुरा होता आणि त्याला व्हायोलिनचं वेड होतं. त्याच्या व्हायोलिनच्या तारा उलट्या होत्या, आणि आतली पट्टी आणि ती दांडीही.

मला यात मोठा आदर दिसतो. कुणीतरी वाद्याचं पोट उघडून, एका माणसाच्या हातासाठी त्याचा आत्मा इकडचा तिकडे ठेवला. आमच्या वेळी हातच मांडीखाली ठेवायला सांगत.

आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे मैहरचे बाबा अलाउद्दीन खाँ. त्यांची सरोद वाजवतानाची छायाचित्रं पाहावीत. तारा छेडायचा जवा डाव्या हातात आहे, आणि तारांवर उजव्या हाताची बोटं. सरोद काय, व्हायोलिन काय, तंतुवाद्यं ते डाव्या हाताने वाजवत. तालवाद्यं मात्र उजव्या. त्यांच्यासमोर बसून शिकले ते मुलगा अली अकबर, मुलगी अन्नपूर्णा, रविशंकर, निखिल बॅनर्जी. आपले मराठी व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली. ही सगळी मंडळी उजव्या हाताने वाजवणारी. घराण्याचा मूळपुरुष डावरा, आणि शिष्यांपैकी कुणालाही त्याने आपल्यासारखं धरायला लावलं नाही. जे घ्यायचं ते शिष्यांनी घेतलं, आणि आपापल्या हातात धरलं.

या बैठकीचा मी पुष्कळदा विचार करतो. गुरू आणि शिष्य समोरासमोर बसले आहेत. दोघंही उजव्या हाताने वाजवणारे असतील, तर गुरूचा गज एका अंगाला हलतो आणि शिष्याचा दुसऱ्या. शिष्याला मनातल्या मनात चित्र फिरवून घ्यावं लागतं. पण गुरू डावखुरा असला, की समोर आरसाच येतो. गुरूचा हात ज्या बाजूला हलतो, त्याच बाजूला आपलाही. बाबांच्या शिष्यांना असा आरसा किती वर्षं मिळाला! त्याचा त्यांना उपयोग झाला की नाही, हे तेच सांगू शकले असते. पण वाटतं, जे आपल्यासारखं नाही तेच कधी कधी आपलं प्रतिबिंब असतं.

आपली भाषा मात्र एका बाजूला झुकलेली आहे. एखाद्याला बाजूला सारलं की त्याला डावललं म्हणतो. कुणी सरस ठरला की तो उजवा. व्रताची सांगता म्हणजे व्रत उजवणं. भेदभाव करणं म्हणजे डावं-उजवं करणं. पण जेवायला बसलं की हीच भाषा वेगळं बोलते. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. वाढप तिथूनच सुरू होतं. पोट भरतं ते उजवीकडच्या भाजीने आणि मधल्या भाताने. पण चव आणणारं सगळं डावीकडे. ती बाजू रिकामी असली तर पान वाढलं आहे असं कुणी म्हणत नाही. आणि घरोघरी देव्हाऱ्यात बसतो तो बहुधा डाव्या सोंडेचा गणपती. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, असं मानतात. अष्टविनायकांतही उजव्या सोंडेचा एक सिद्धटेकचाच.

मधे एकदा त्या मुलीने मला विचारलं, "आजोबा, सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, मग बॅट उजव्या हाताने का?" मी तिला बॅट धरून दाखवायला सांगितली. लाटणं घेऊन तिने धरली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा दांड्यावरचा वरचा हात डावा असतो. बॅटची दिशा बरीचशी त्याच्याकडे असते. तिने एकदा वरच्या हाताकडे पाहिलं, एकदा खालच्या. "म्हणजे दोघं मिळून," ती म्हणाली, आणि लाटणं ओट्यावर ठेवून निघून गेली.

तिचे व्हायोलिनचे सर शहाणे असावेत. पहिल्या दिवशी त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरायला लावलं, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, तीन महिने नेहमीसारखं धरून पाहू. बोटं तुझ्या तयार हाताची, गज दुसऱ्याचा. गज रुळला तर छान. नाही रुळला तर तुझ्यासाठी दुसरं वाद्य तयार करून घेऊ, आतून बाहेरून. घाई नाही. वाद्यवृंदात बसायचं झालं तर सगळे गज एका दिशेला असलेले बरे, एवढं त्यांनी सांगितलं. उलटं हा शब्द ते बोलले नाहीत, असं तिच्या आईने मला मुद्दाम सांगितलं.

म्हणून सकाळचा हा सा मी कान देऊन ऐकतो. मांडी घालून ती खाली बसली असेल. व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलं असेल. डाव्या हाताची बोटं पट्टीवर वाट पाहत असतील. मोकळ्या तारेच्या सा-ला त्यांचं काही काम नाही. सगळी धडपड उजव्या हाताची चालली आहे. त्याला आयुष्यात कुणी कधी महत्त्वाचं काम दिलं नव्हतं, आणि आता एकदम आवाजच त्याच्या हवाली केला आहे. तो घाबरतो. गज तारेवरून घसरतो, करकरतो, थांबतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

आज सा जरा जास्त वेळ टिकला. मधे एक क्षण थरथरही नव्हती. चहा गाळता गाळता माझा हात थांबला. मग वरून कुकरची शिट्टी झाली, आजीने हाक मारली, आणि पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला.