दाखवणे आणि विकणे : नामपल्लीच्या नुमाइशीच्या निमित्ताने

हाताने घडवलेल्या वस्तूच्या विक्रीत एक मूलभूत अडचण असते. अशा वस्तूच्या किमतीतला मोठा वाटा कारागिराच्या वेळेचा असतो, आणि वस्तू पुरी होताच तो वेळ दिसेनासा होतो. कच्च्या मालाचे वजन करता येते, चांदीचा कस लावता येतो, रेशमाचा धागा जाळून पाहता येतो. पण साडीच्या काठावर किती दिवस खर्ची पडले, हे साडी पाहून सामान्य गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. म्हणून हस्तकलेच्या बाजारापुढचा पहिला प्रश्न किमतीच्याही आधी येतो, आणि तो म्हणजे झालेले श्रम विकत घेणाऱ्याला दिसावेत कसे. जत्रा, हाट, मेळे आणि प्रदर्शने ही या प्रश्नाला समाजाने वेळोवेळी दिलेली उत्तरे होत. हैदराबादमधील नामपल्लीच्या मैदानावर भरणारी नुमाइश हे त्यांपैकी एक जुने आणि विचार करण्याजोगे उत्तर आहे, कारण त्याचे यश आणि त्याची अडचण ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

नुमाइश म्हणजे प्रदर्शन. हैदराबाद संस्थानात १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधर संघटनेने हा उपक्रम सुरू केला. संस्थानाची आर्थिक पाहणी करावी अशी या संघटनेच्या अर्थविषयक समितीची इच्छा होती आणि त्या कामासाठी पैसा उभा करण्याचा एक मार्ग म्हणून प्रदर्शनाची कल्पना पुढे आली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते उद्घाटन झालेले पहिले प्रदर्शन बाग-ए-आम या सार्वजनिक बागेत थोड्याच गाळ्यांनिशी भरले आणि त्याला ‘नुमाइश मसनुआत-ए-मुल्की’, म्हणजे मुलखातच तयार झालेल्या मालाचे प्रदर्शन, असे नाव देण्यात आले. पुढे गर्दी वाढू लागली तेव्हा, १९४६ साली, दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या काळात नामपल्लीची सुमारे २३ एकरांची जागा त्यासाठी मिळाली. विलीनीकरणाच्या धामधुमीत त्यात खंड पडला आणि नंतर ते ‘अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन’ या नावाने पुन्हा भरू लागले. आज १ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सेहेचाळीस दिवस, तेथे दोन हजारांहून अधिक गाळे लागतात.

या इतिहासातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की नुमाइशीचा आरंभ व्यापाऱ्यांनी केलेला नसून शिकलेल्या तरुणांनी केला, आणि विक्री हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. आपल्या मुलखात काय पिकते, काय घडते, कोण घडवते याची नोंद व्हावी आणि ती लोकांच्या डोळ्यांसमोर मांडली जावी, हा त्यामागचा विचार होता. मराठी वाचकाला तो परका वाटू नये, कारण सार्वजनिक काकांच्या स्वदेशी व्रतापासून न्यायमूर्ती रानड्यांच्या औद्योगिक परिषदेपर्यंत पुण्यात हाच विचार वेगळ्या राजवटीखाली आधीच रुजला होता. फरक एवढाच, की पुण्यातल्या स्वदेशीची धार परकीय सत्तेकडे वळलेली होती, तर हैदराबादेतल्या ‘मुल्की’ या कल्पनेत बाहेरून आलेल्यांच्या तुलनेत मुलखातल्या माणसाचा हक्क हा अर्थही मिसळलेला होता.

त्या काळच्या मुल्की मालाची यादी मनाशी मांडली तर मराठवाड्याचा त्यातला वाटा ठळकपणे दिसतो. पैठणची पैठणी आणि औरंगाबादचा हिमरू एका बाजूला, बिदरचे बिदरी काम दुसऱ्या बाजूला, आणि पोचमपल्लीचे इकत, नारायणपेठच्या साड्या, करीमनगरची चांदीच्या तारेची जाळी, निर्मलची रंगीत लाकडी खेळणी तिसरीकडे. हे सारे तेव्हा एकाच मुलखात मोडत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन भाग झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. एका बाजारपेठेवर वाढलेल्या कलांना तेव्हापासून तीन राज्यांची हस्तकला महामंडळे, तीन अनुदान योजना आणि तीन ओळखी मिळाल्या. नारायणपेठी ही मराठी घरांतली नित्याची साडी असूनही ती तेलंगणातली आहे, याचे आज अनेकांना आश्चर्य वाटते. ते आश्चर्य या विभागणीतूनच आले आहे.

प्रदर्शनाची गरज मुळात का पडली, हे पाहायचे तर त्याआधीची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात जिचे तपशीलवार वर्णन आहे त्या बलुतेदारीत सुतार, लोहार, कुंभार यांना आपला माल विकावा लागत नसे. गावाचे काम करायचे आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, असा तो व्यवहार होता. तेथे गिऱ्हाईक ठरलेले होते आणि घडवणाऱ्याचे हात सर्वांच्या परिचयाचे होते, म्हणून श्रम दाखवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. (त्या व्यवस्थेतील जातीची सक्ती आणि मोबदल्याची विषमता विसरून तिचे गोडवे गाणे मात्र अयोग्य ठरेल.) मात्र बारीक कापड विणणारे किंवा धातूवर नक्षी करणारे कारागीर सहसा या चौकटीत नव्हते. त्यांचे गिऱ्हाईक दूरचे किंवा श्रीमंत असे, आणि दरबार, जहागीरदार व सावकार यांच्या आश्रयावर त्यांचा धंदा चाले. हा आश्रय ओसरू लागला आणि गिरणीचे कापड स्वस्त झाले, तेव्हा या कारागिरांपुढे अनोळखी गिऱ्हाईक उभे राहिले. नुमाइश ही त्या अनोळखी गिऱ्हाइकाशी गाठ घालून देणारी जागा होती.

अनोळखी गिऱ्हाईक ही काय चीज आहे, हे अर्थशास्त्राने फार उशिरा नेमकेपणाने मांडले. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा घेणारा सावधपणे मधली किंमत देऊ पाहतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नसल्याने तो बाजारातून माघार घेतो आणि हलका माल उरतो. ही मांडणी हातमागाला जशीच्या तशी लागू पडते. इकतमध्ये विणण्याआधी धाग्यांच्या जुड्या नकाशाप्रमाणे बांधून रंगवतात, बांधलेला भाग रंग घेत नाही, आणि असे ठिकठिकाणी रंगलेले ताण्याचे व बाण्याचे, म्हणजे उभे व आडवे, धागे मागावर जुळवून नक्षी उमटवतात. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि नक्षीची कड किंचित पिसारलेली राहते. त्याच नक्षीची छापील साडी मूळ साडीच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. कापड उलटून पाहिले की छपाई उघडी पडते, हे खरे; पण रंगवलेले धागे यंत्रमागावर चढवून काढलेली नक्कल या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते, आणि तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज काही उरत नाही.

हिमरूची गत याहून बिकट आहे. हिमरूमध्ये सुती ताण्यावर नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा टाकतात आणि तो कापडाच्या मागच्या बाजूला सैल तरंगतो. अंगाला मऊपणा आणि ऊब येते ती त्यामुळेच. आज हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शालींत यंत्रमागावरच्या शालींचा भरणा मोठा आहे आणि हातमागावर खरा हिमरू विणणारी घरे अगदी थोडी उरली आहेत. अकरलॉफ यांनी वर्णिलेली माघार येथे जवळजवळ पुरी झाली आहे.

यावर सरकारने शोधलेला उपाय शिक्क्याचा आहे. भौगोलिक निर्देशांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या वस्तूचे नाव कायद्याने राखून ठेवण्याची पद्धत, १९९९ च्या कायद्याने भारतात आली. पोचमपल्ली इकतला ते २००५ साली आणि पैठणीला त्यानंतर काही वर्षांनी मिळाले. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ही आहे. शिक्का उपयोगी आहे, यात शंका नाही. पण शिक्का नावाचे रक्षण करतो. वेळ दिसण्याची जी मूळ अडचण आहे ती त्याने सुटत नाही. ती सुटते कारागीर समोर बसल्याने. बिदरीचे काम याचे उत्तम उदाहरण ठरावे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ते भांडे काळे करायचे, असा हा क्रम आहे. त्या मिश्रणाने जस्त गर्द काळे होते, चांदीला मात्र धक्का लागत नाही, आणि जी नक्षी आतापर्यंत राखाडी पृष्ठभागावर जेमतेम दिसत होती ती एकदम उठून येते. हा शेवटचा टप्पा ज्याने पाहिला तो गिऱ्हाईक भाव करताना निदान वेगळ्या आकड्यापासून सुरुवात करतो.

भाव करण्याविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हस्तकलेच्या चाहत्यांत घासाघीस ही असभ्य गोष्ट मानण्याची रीत आहे. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून असे मत मांडले, की जेथे मालाविषयीची माहिती तुटपुंजी आणि असमान वाटलेली असते तेथे घासाघीस हा माहिती मिळवण्याचाच एक मार्ग असतो, आणि म्हणून लोक नव्या विक्रेत्याऐवजी नेहमीच्या विक्रेत्याकडे पुन्हा पुन्हा जातात. नामपल्लीच्या मैदानावर सकाळच्या भवानीपासून रात्रीच्या आवराआवरीपर्यंत हेच चालते, आणि काश्मिरी शालींचे किंवा लखनवी चिकनचे ठरावीक गाळे शोधत दरवर्षी येणारी कुटुंबे हा त्याचाच पुरावा आहे. तथापि या रीतीची एक मर्यादा आहे. घासाघीस न्याय्य ठरते ती दोन्ही बाजूंना थांबण्याची सारखीच मुभा असेल तर. पुढचे सूत घेण्यासाठी आजच्या विक्रीवर अवलंबून असलेला विणकर थांबू शकत नाही. भांडवल बाळगून असलेला व्यापारी थांबू शकतो.

येथेच नुमाइशीची खरी अडचण समोर येते. सेहेचाळीस दिवस गाळ्यात उभे राहायचे म्हणजे सेहेचाळीस दिवस माग बंद ठेवायचा. गाळ्याचे भाडे, शहरातला मुक्काम, आणि तोवर साठवलेल्या मालात गुंतलेला पैसा हे सारे एकट्या कारागिराच्या आवाक्याबाहेर जाते. ३० जानेवारी २०१९ च्या रात्री मैदानावर आग लागून शेकडो गाळे भस्मसात झाले तेव्हा, ज्यांचा सगळा हंगाम त्या कापडी छताखाली होता त्यांचे भांडवलच गेले. असा धोका वारंवार पत्करणे हे व्यापाऱ्याचे काम आहे, विणकराचे नव्हे. त्यामुळे मुलखातल्या मालाचे प्रदर्शन जसजसे वाढत गेले तसतशी घडवणाऱ्याची जागा विकणाऱ्याने घेतली, आणि कोणाच्याही दुष्टपणाशिवाय हे घडले. दिल्लीत १९९४ साली सुरू झालेल्या ‘दिल्ली हाट’ने यावर तोड म्हणून कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने गाळे देण्याची पद्धत ठेवली, तेथेही कारागिरांच्या नावावर व्यापारी शिरल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. घडवण्याला वेळ लागतो आणि विकण्यालाही वेळ लागतो, हा पेच पाळीने सैल होतो, सुटत नाही.

व्यापाऱ्याला खलनायक ठरवणेही उथळपणाचे आहे. दूरच्या गावांतून माल गोळा करणारा, सुतासाठी आगाऊ पैसे देणारा, न खपलेला माल वर्षभर सांभाळणारा कोणीतरी लागतोच. प्रश्न आहे तो त्याच्या गाळ्यात वस्तूबरोबर तिची हकीकत येते की नाही, याचा. चिनी मातीच्या बरण्या, स्वयंपाकघरातली यंत्रे, आकाशपाळणे आणि छोटी आगगाडी यांच्या गजबजाटात ती येणे कठीण आहे, आणि १९३८ च्या तरुणांना दाखवणे व विकणे ज्या प्रमाणात अभिप्रेत होते ते प्रमाण आता पुरते उलटले आहे.

या जमाखर्चाला आणखी एक बाजू आहे. नुमाइश भरवणारी एक्झिबिशन सोसायटी गाळ्यांच्या भाड्यातून आणि प्रवेशशुल्कातून मिळणारे उत्पन्न शिक्षणसंस्थांवर खर्च करते. नामपल्लीतील सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि मुलींसाठीचे कमला नेहरू तंत्रनिकेतन या तिच्याच संस्था आहेत. म्हणजे मुलखाच्या मालातून उभा राहिलेला पैसा मुलखाच्या मुलींच्या शिक्षणात गेला, आणि आर्थिक पाहणीसाठी निधी जमवू पाहणाऱ्या पदवीधरांच्या मूळ हेतूशी ते पुष्कळसे सुसंगतच आहे. मैदानाचा एक कोपरा मागांसाठी आणि बिदरीच्या भट्टीसाठी राखून ठेवावा, तेथे आठ-आठ दिवसांसाठी येणाऱ्या कारागिरांना सोसायटीने रोजाने मेहनताना द्यावा आणि त्यांच्यावर विक्रीची सक्ती करू नये, अशी सूचना करणे सोपे आहे. पण त्या कोपऱ्यातले गाळे भाड्याविना जातील आणि ती तूट शेवटी महाविद्यालयांच्या निधीतूनच भरून काढावी लागेल. विणकराचा वेळ आणि विद्यार्थिनीची फी यांतले काय आधी, हे ठरवणे एखाद्या प्रदर्शन समितीच्या बैठकीला वाटते तितके सोपे नाही.