खराटा आणि अभिमान

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लावून पुजली जाते; एरवी तीच दाराआड पडते आणि ती हाती धरणारा हीन लेखला जातो. मग हीनत्व वस्तूत, कर्मात, की पाहणाऱ्याच्या दृष्टीत?

द्वारावतीकार श्रीचक्रपाणिप्रभू द्वारकेचे मार्ग खराट्याने झाडीत, केर सुपात भरून गोमतीत टाकीत. ज्याच्या मस्तकी सूप ठेवीत वा ज्यास खराट्याने ताडन करीत, त्यास विद्या प्राप्त होई. परमेश्वर अवतारास कर्माचे प्रयोजन नाही. तरीही श्रीप्रभूंनी विद्यादानास हेच साधन योजिले. तेव्हा झाडण्यात हीनत्व आहे, असे म्हणण्यास अनुयायास आधार उरत नाही. त्याचबरोबर केरसुणी ही देवताही नव्हे. श्रीप्रभूंच्या खराट्याचे थोरपण त्यांच्या संबंधाचे आहे, काडीचे नव्हे.

स्थानाचे संमार्जन करणाऱ्या साधकाने येथेच सावध राहावे. जीवजंतू जपून केर काढला, पण ‘मी सेवा केली’ हा भाव उरला, तर अंगण स्वच्छ झाले, अंतःकरण नाही. स्थान भक्तीने झाडून गावचा मार्ग झाडणाऱ्यास जो दूर उभा करतो, त्याने लीळा ऐकली, आचरली नाही.